वेचण्यातून समजणे

रोममध्ये नवे कॉन्सुल, म्हणजे राज्याचे सर्वोच्च अधिकारी, निवडून आले की सैन्यभरतीचा दिवस जाहीर व्हायचा. लढण्याच्या वयाच्या नागरिकांनी त्या दिवशी कॅपिटोल टेकडीवर हजर राहायचे, असा नियम होता. इ.स.पू. १६७ मध्ये ओलीस म्हणून रोमला नेलेल्या पॉलिबिअस या ग्रीक इतिहासकाराने ही भरती कशी चाले ते बारकाईने लिहून ठेवले आहे. उभ्या करायच्या असत चार पलटणी. चिठ्ठी टाकून नागरिकांच्या एकेका गणाला पुढे बोलावत. त्या गणातले साधारण एका वयाचे, एका बांध्याचे चार तरुण समोर उभे केले जात. पहिल्या पलटणीचे अधिकारी चौघांतला एक घेत, मग दुसऱ्या पलटणीचे, मग तिसऱ्या. उरेल तो चौथीच्या वाट्याला. पुढचे चौघे आले की निवडीचा पहिला मान दुसऱ्या पलटणीचा आणि पहिली पलटण शेवटी. भरती पुरी होईपर्यंत हे चक्र फिरत राही. त्यामुळे चारही पलटणींत सारख्याच ताकदीची माणसे येत.

अशा पलटणीला लॅटिनमध्ये ‘लेगिओ’ म्हणत. इंग्रजीतला ‘लीजन’ तोच. ‘लेगिओ’ म्हणजे मुळात माणसे वेचून काढणे आणि त्यावरून वेचून काढलेली माणसे. त्यामागचे क्रियापद ‘लेगेरे’: वेचणे, गोळा करणे, निवडणे. याच क्रियापदाला ‘इंतेर’ म्हणजे ‘मध्ये, दरम्यान’ हा उपसर्ग लागला आणि ‘समजणे’ या अर्थाचे ‘इंतेल्लेगेरे’ हे क्रियापद तयार झाले. पुढे ते ‘इंतेल्लिगेरे’ असेही लिहू लागले. ‘इंटेलिजन्स’, ‘इंटलेक्च्युअल’ हे आज मराठी बोलण्यातही सहज येणारे शब्द त्याचेच वंशज. वेचण्याचा आणि समजण्याचा संबंध काय, हे कळायला रोमन माणूस काय काय वेचत होता ते आधी पाहायला हवे.

मार्कुस तेरेन्तिउस वॅरो (इ.स.पू. ११६–२७) हा रोमचा सर्वांत व्यासंगी विद्वान. लॅटिन भाषेवरच्या त्याच्या २५ भागांच्या ग्रंथातले पाच ते दहा एवढेच भाग आज हाती आहेत. सहाव्या भागात त्याने ‘लेगेरे’चे सगळे गणगोत मांडले आहे. ऑलिव्ह किंवा द्राक्षे तोडणारा मजूर तो ‘लेगुलुस’. शेतात गळून पडलेले आणि चुलीसाठी वेचून आणायचे लाकूड ते ‘लिग्नुम’. कडधान्य ते ‘लेगुमेन’. परराष्ट्रात पाठवायचा, निवडलेला दूत तो ‘लेगातुस’. वॅरोच्या सगळ्याच व्युत्पत्ती आजचे भाषाशास्त्रज्ञ मान्य करत नाहीत. कायदा या अर्थाचा ‘लेक्स’ही त्याने याच घरात बसवला आहे आणि त्यावर अजून वाद आहे. पण त्याच्या यादीतून हा शब्द कुठल्या जगात वाढला ते स्पष्ट दिसते. मळा, शेत, चूल, ओटीत वेचलेल्या शेंगा: बोटांना ज्याची सवय आहे असे काम.

साहित्यात या क्रियापदाचे आणखी कितीतरी उपयोग सापडतात. शीड गुंडाळून घेणे म्हणजे शीड ‘लेगेरे’. किनाऱ्याला धरून नाव हाकणे म्हणजे किनारा ‘लेगेरे’. कुणाच्या पावलांचा माग काढणेही तेच. चोरून उचलणेसुद्धा ‘लेगेरे’च, आणि देवळातली पवित्र वस्तू उचलणारा चोर तो ‘साक्रिलेगुस’. इंग्रजीतला पावित्र्यभंगाचा ‘सॅक्रिलेज’ त्याच्यावरून आला. सर्वांत हृद्य उपयोग मात्र मृत्यूशी जोडलेला आहे. चिता विझल्यावर नातलग हाडे वेचत, त्यांवर मद्य शिंपडत आणि ती कलशात ठेवत. या विधीला ‘ओस्सा लेगेरे’ म्हणत, अस्थी वेचणे. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी अस्थी सावडायला जातात, तेच हे काम. राखेतून हाड ओळखून उचलायचे, राख मागे ठेवायची.

मग यातून ‘वाचणे’ कसे निघाले? कारण लॅटिनमध्ये ‘वाचणे’ यालाही ‘लेगेरे’च म्हणतात. वॅरोचे उत्तर असे की वाचणारा डोळ्यांनी अक्षरे वेचतो. हे ऐकायला कविकल्पना वाटते, पण रोमन पुस्तक समोर ठेवले की ते अगदी शब्दशः खरे वाटू लागते. जुन्या लॅटिन लेखनात दोन शब्दांच्या मध्ये ठिपका देत. रोममधल्या सम्राट ट्राजानच्या स्तंभावरच्या इ.स. ११३ च्या लेखात हे ठिपके आजही दिसतात. पुस्तकांतून मात्र पुढे हे ठिपके गेले आणि ग्रीक पद्धतीने सलग लिहिण्याची चाल पडली. शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ओळीच्या ओळी अक्षरांची एकच साखळी. या साखळीतून एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे वाचकाने ठरवायचे. म्हणून वाचणारा बहुधा मोठ्याने वाची. कान मदतीला येत.

मराठी माणसाला हा अनुभव परका नाही. मोडी लिपीत शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नव्हती. कागदभर आधी रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकवत सलग जायचे. आज मोडी शिकणाऱ्याची पहिली काही महिने दमछाक होते ती अक्षरांच्या वळणांमुळे, आणि जवळजवळ तितकीच शब्द तोडण्यामुळे. अक्षरे लागली तरी ओळ लागत नाही. एखादे गावाचे नाव, एखादे ‘रुपये’, एखादे ‘राजश्री’ ओळखीचे निघाले की त्याच्या दोन्ही बाजूंची अक्षरे आपोआप सुटी होतात आणि ओळ अर्थ देऊ लागते. पेशवे दफ्तरातला कागद वाचणारा अभ्यासक त्या घडीला जे करतो त्याला लॅटिनमध्ये ‘लेगेरे’ हाच शब्द लागू पडला असता.

संस्कृत आणि मराठीने वाचनाकडे दुसऱ्याच बाजूने पाहिले. ‘वाचणे’ हे ‘वाच्’पासून, म्हणजे वाणीपासून आले. लिखाणाला बोलते करणे म्हणजे वाचन. रोमनांना हाताचे आणि डोळ्याचे काम दिसले, आपल्याला तोंडाचे. तरी ‘वेचे’ हा शब्द आपल्याकडेही आहेच. शाळकरी पुस्तकात निवडक ‘वेचे’ असत आणि लॅटिनमध्ये निवडून वाचलेल्या उताऱ्याला ‘लेक्तिओ’ म्हणत. इंग्रजीतला ‘लेसन’ म्हणजे धडा, तो याच ‘लेक्तिओ’चा नातू.

आता ‘इंतेर’. वेचण्याच्या क्रियेला ‘मध्ये’ हे पद जोडले की वेचणाऱ्याचे लक्ष एका वस्तूवरून दोन वस्तूंमधल्या अंतरावर जाते. मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडणारी बाई काय करते? तिच्या बोटांपुढे खडा आणि दाणा जवळजवळ एकाच रंगाचे असतात. ती दाणे मोजत नाही, त्यांची माहिती गोळा करत नाही. हे हे आहे आणि ते ते आहे, एवढेच क्षणाक्षणाला ठरवत जाते. ‘इंतेल्लेगेरे’ची मूळ कल्पना ही आहे. समजणे म्हणजे एकमेकांत मिसळलेल्या गोष्टींमधून एक दुसरीपासून वेगळी ओळखणे. मराठीत ‘निवडणे’ हे एकच क्रियापद सुपातल्या तांदळालाही चालते आणि मतपेटीतल्या उमेदवारालाही, आणि लॅटिननेही ‘लेगेरे’पासून ‘एलिगेरे’ काढून ‘इलेक्शन’ला जन्म दिला. पण मराठीने ‘निवडणे’ला बुद्धीच्या पायरीवर चढवले नाही. रोमनांनी चढवले.

त्यांनी या घरातून भावनाही काढल्या, हे तर फारच लक्षात ठेवण्यासारखे आहे. ‘दिलिगेरे’ म्हणजे बाकीच्यांतून वेगळे काढून जवळ करणे, त्यावरून जिव्हाळा असणे. लॅटिन बायबलमध्ये शेजाऱ्यावर प्रेम करण्याची जी आज्ञा आहे, तिथे हेच क्रियापद वापरले आहे. कामावर असा जीव असणाऱ्याला ‘दिलिगेन्स’ म्हणत. ‘डिलिजंट’ तिथून आला. उलट बाजूला ‘नेग्लेगेरे’: न वेचणे, समोर असून न उचलणे. दुर्लक्ष या अर्थाचा ‘निग्लेक्ट’ तो हा. समजणे, जीव लावणे आणि दुर्लक्ष करणे ही तीन भावंडे एकाच हाताच्या हालचालीतून जन्मली आहेत.

हे नाते रोमनांनाही ठाऊक होते. इ.स.पू. ४५ मध्ये रोमन राजकारणी आणि लेखक सिसेरोने देवांच्या स्वरूपावर एक संवादग्रंथ लिहिला. त्याच्या दुसऱ्या भागात बाल्बुस हे पात्र म्हणते की देवपूजेच्या बाबी जे पुन्हा पुन्हा काळजीपूर्वक वेचून पाहतात ते धार्मिक. आणि मग लगोलग ‘एलेगान्स’, ‘दिलिगेन्स’ आणि ‘इंतेल्लेगेन्स’ हे तीन शब्दही ‘वेचण्या’च्याच जोरावर उभे आहेत, असे तो दाखवून देतो. धर्म या अर्थाच्या ‘रेलिगिओ’ची ही फोड पुढे चौथ्या शतकात लाक्तान्तिउस या ख्रिस्ती लेखकाने खोडून काढली. त्याच्या मते तो शब्द ‘बांधणे’ या अर्थाच्या ‘रेलिगारे’पासून आला, देवाशी बांधलेले असणे. तो वाद अजून मिटलेला नाही. ‘इंतेल्लेगेन्स’बद्दल मात्र आजचे व्युत्पत्तिकोश बाल्बुसच्या बाजूने आहेत.

सिसेरोच्या आयुष्यातला तो काळ फार दुःखाचा होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याची मुलगी तुल्लिआ बाळंतपणानंतर वारली. राजकारणातून तो आधीच बाहेर फेकला गेला होता. समुद्रकाठच्या आपल्या घरी जाऊन तो झपाटल्यासारखा लिहीत सुटला. त्याला ग्रीक तत्त्वज्ञान लॅटिनमध्ये आणायचे होते आणि लॅटिनमध्ये त्यासाठी शब्दच नव्हते. त्याने ते घडवले. आज सर्रास वापरला जाणारा ‘क्वालिटी’ हा शब्द ज्या ‘क्वालितास’वरून आला, तो त्याने याच काळात, ज्ञानाविषयीच्या दुसऱ्या एका ग्रंथात, एका ग्रीक शब्दासाठी पाडला. त्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती त्याने वॅरोला अर्पण केली, आणि वॅरोने आपल्या भाषाग्रंथाचा मोठा भाग सिसेरोला.

याच ग्रंथात समजण्याला दुसरा एक शब्द येतो आणि त्याच्यासोबत एक हात येतो. स्टोइक पंथाचा संस्थापक झीनो अथेन्समध्ये शिकवताना आपले म्हणणे हाताने करून दाखवी, असे सिसेरो सांगतो. आधी तो पंजा उघडा, बोटे सरळ ठेवून समोर धरी: हे नुसते मनावर उमटणे. मग बोटे थोडी आत वळवी: ही मनाने दिलेली संमती. मग मूठ मिटे: याला त्याने ‘कतालेप्सिस’, म्हणजे पकड, असे नाव दिले. शेवटी डावा हात आणून त्या मुठीवर घट्ट दाबून धरी: हे खरे ज्ञान, आणि ते ज्ञानी पुरुषाखेरीज कुणापाशी नसते. ‘कतालेप्सिस’साठी सिसेरोने ‘कोंप्रेहेन्सिओ’ हा शब्द वापरला, ‘प्रेहेन्देरे’ म्हणजे पकडणे यावरून. शाळेच्या इंग्रजी पेपरातले ‘कॉम्प्रिहेन्शन’ झीनोच्या मुठीतून आले आहे. मराठीतले ‘ग्रहण करणे’ही धरण्याचेच काम सांगते.

मूठ आणि वेचणारी बोटे, दोन्ही हाताचीच. पण दोन्हींचे सांगणे एक नाही. मुठीत आले ते आपले झाले, झाकले गेले. वेचताना मात्र बोटे उघडीच लागतात आणि जे उचलले त्याच्याइतकेच जे सोडले तेही महत्त्वाचे असते. समजण्याचे वर्णन म्हणून ‘इंतेल्लेगेरे’ जास्त प्रामाणिक आहे. एखादा आजार डॉक्टरला समजतो तो त्याची सगळी लक्षणे मुठीत आली म्हणून समजत नाही. डेंगीच्या तापात आणि मलेरियाच्या तापात काय वेगळे आहे ते दिसले म्हणून समजतो.

रोमनांकडे याखेरीज ‘सापेरे’ होते, ज्याचा पहिला अर्थ चव असणे, चव कळणे. त्यावरून शहाणपण ‘सापिएन्तिआ’, आणि १७५८ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ लिनीअसने मानवजातीला दिलेले ‘होमो सेपियन्स’ हे नाव. विचार करणे या अर्थाच्या ‘कोगितारे’चा संबंध ख्रिस्ती संत ऑगस्टीनने ‘कोगेरे’शी, म्हणजे विखुरलेले एकत्र हाकून आणण्याशी जोडला. मन या अर्थाचा ‘मेन्स’ तर संस्कृत ‘मती’चा सख्खा भाऊ आहे, आणि ‘जाणणे’ ज्या ‘ज्ञा’ धातूवरून आले, तोच धातू लॅटिनमध्ये ‘कोग्नितिओ’त दडला आहे. ही नाती युरोपीयांच्या ध्यानात येऊ लागली ती पश्चिम किनाऱ्यावर. गोव्यातला जेझुइट थॉमस स्टीफन्स, जो पुढे १६१६ मध्ये मराठीत ‘क्रिस्तपुराण’ छापणार होता, त्याने १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे असे नोंदवले होते. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते सांगणारे सर विल्यम जोन्सचे प्रसिद्ध व्याख्यान त्यानंतर २०० वर्षांनी, १७८६ मध्ये झाले. ‘मती’ला आणि ‘ज्ञाना’ला असे लॅटिन नातलग भेटतात, ‘लेगेरे’ला मात्र संस्कृतात खात्रीचा नातलग सापडत नाही. ग्रीकमध्ये सापडतो, आणि तो थोर आहे: ‘लेगेइन’, म्हणजे आधी वेचणे, मग मोजणे, मग बोलणे. ‘लोगोस’ त्याच्यापासून.

मराठीशी या शब्दाची गाठ पडली ती रक्ताच्या नात्याने नव्हे, भाषांतराने; आणि ती कहाणी स्पेनमधल्या तोलेदोची आहे.

ॲरिस्टॉटलने बुद्धीच्या सर्वोच्च शक्तीला ‘नूस’ म्हटले होते. त्याचे ग्रंथ अरबीत गेले तेव्हा ‘नूस’साठी ‘अक्ल’ हा शब्द ठरला. अल-किंदी, अल-फाराबी, इब्न सीना, इब्न रुश्द अशा पिढ्यांमागून पिढ्या या ‘अक्ल’वर लिहीत राहिल्या. बाराव्या शतकात तोलेदोमध्ये हे ग्रंथ लॅटिनमध्ये येऊ लागले. इब्न सीनाच्या आत्म्यावरील ग्रंथाचे भाषांतर कसे झाले ते त्याच्या प्रस्तावनेतच सांगितले आहे. अवेन्दाउथ नावाचा विद्वान अरबी मजकूर एकेक शब्द घेऊन तिथल्या बोलीभाषेत मोठ्याने सांगे आणि डोमिनिकुस गुंदिस्सालिनुस हा धर्मगुरू तो एकेक शब्द लॅटिनमध्ये उतरवी. एका ओळीला दोन माणसे आणि तीन भाषा. या बैठकीत अरबी ‘अक्ल’ समोर आला की पलीकडून लॅटिनमध्ये ‘इंतेल्लेक्तुस’ उतरे.

हाच ‘अक्ल’ फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि ‘अक्कल’ झाला. अक्कलहुशारी, बेअक्कल, अक्कलखाती जमा हे सगळे त्याचेच. अक्कलदाढसुद्धा: अरबीत ती ‘दिर्स अल-अक्ल’, फारसीत ‘दंदान-ए-अक्ल’, आणि लॅटिन वैद्यकात शहाणपणाचा दात. गंमत अशी की ‘अक्ल’चे मूळ चित्र ‘इंतेल्लेगेरे’च्या अगदी वेगळे आहे. त्याच धातूतला ‘इकाल’ म्हणजे उंटाचा गुडघा बांधून ठेवायची दोरी. अरबांच्या डोक्यावरच्या रुमालावर बसवलेल्या कड्यालाही तेच नाव. दोरी जशी उंटाला भरकटू देत नाही तशी बुद्धी माणसाला, असा संबंध अरबी कोशकारांनी लावला. आवरणारी अक्ल आणि वेचणारा इंतेल्लेक्तुस, दोघे तोलेदोत समानार्थी ठरले.

या ठरण्याचे पडसाद १०० वर्षांनी पॅरिसमध्ये उमटले. इब्न रुश्दच्या मते बुद्धी सगळ्या मानवजातीत मिळून एकच आहे, माणसागणिक वेगळी नाही. विद्यापीठातले काही तरुण अध्यापक हे मत शिकवू लागले तेव्हा चर्चचे धाबे दणाणले, कारण बुद्धी सर्वांची एकच असेल तर मरणानंतर कुणा एकाला पाप-पुण्याचे फळ कसे मिळणार? १० डिसेंबर १२७० रोजी पॅरिसच्या बिशपने १३ विधाने निषिद्ध ठरवली. पहिलेच विधान ‘सर्व माणसांचा इंतेल्लेक्तुस एकच’ या अर्थाचे होते. दुसरे आणखी टोकाचे: ‘माणूस समजतो’ असे म्हणणे चूक आहे. म्हणजे एका क्रियापदाला कर्ता कोण, यावर एक शहर पेटले होते. त्याच वर्षी ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसने या मताविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. तिचा सगळा भर एका साध्या अनुभवावर होता: समजण्याचे काम हा समोरचा, हाडामांसाचा एकेक माणूस करतो, आणि जी उपपत्ती हे सांगू शकत नाही ती टिकणार नाही.

शब्दाची नवी फोडही अक्वायनसकडे भेटते. आपल्या महाग्रंथात त्याने ‘इंतेल्लिगेरे’ म्हणजे जणू ‘इंतुस लेगेरे’, आत वाचणे, असे म्हटले. इंद्रिये वस्तूच्या बाहेरच्या गुणांपाशी थांबतात, बुद्धी आत शिरते. रंगरूपाच्या आड वस्तूचा स्वभाव असतो, शब्दांच्या आड अर्थ, दृष्टान्ताच्या आड सत्य, कारणाच्या आड कार्य. जे जितके जास्त आड, तितके आत जाण्याचे बळ जास्त लागते. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही फोड टिकत नाही. ‘इंतेर’मधला ‘र’ पुढच्या ‘ल’मध्ये मिसळून ‘ल्ल’ झाला, ‘इंतुस’चा इथे काही संबंध नाही. पण ती त्याच्या काळाला साजेशी आहे. सातव्या-आठव्या शतकात आयर्लंडच्या मठवासीयांनी लॅटिन लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडायला सुरुवात केली होती आणि तेराव्या शतकापर्यंत ती चाल युरोपभर रूढ झाली होती. अक्षरांच्या साखळीतून शब्द वेचण्याचे कष्ट संपले होते. मनातल्या मनात वाचणे सोपे झाले होते. ‘लेगेरे’ म्हटल्यावर आता ऑलिव्हच्या मळ्यातला मजूर आठवत नव्हता, खोलीत एकटा बसलेला वाचक आठवत होता. अशा माणसाला समजणे हे आत वाचण्यासारखे वाटले तर नवल नाही.

पुढे हा शब्द युरोपच्या भाषांत अनेक वाटांनी गेला. मध्ययुगात आकाशातले गोल फिरवणाऱ्या अशरीरी शक्तींना ‘इंतेल्लिगेन्तिआ’ म्हणत. इंग्रजीत ‘इंटेलिजन्स’चा अर्थ बातमी असा झाला आणि सतराव्या शतकातली वृत्तपत्रे ‘इंटेलिजन्सर’ असे नाव लावू लागली. त्याच अर्थामुळे महाराष्ट्र शासनाच्या एका खात्याचे मराठी नाव ‘राज्य गुप्तवार्ता विभाग’ असे बरोबर ठेवले गेले. पोलिश आणि मग रशियन भाषेतून एकोणिसाव्या शतकात ‘इंटेलिजेन्शिया’ हा वर्ग पुढे आला. १९५५ मध्ये जॉन मॅकार्थी आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी पुढच्या उन्हाळ्यातल्या अभ्यासशिबिरासाठी जो प्रस्ताव लिहिला, त्यात ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव पडले.

या सगळ्यांत मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ राहिले ते फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने याचे काम. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी, यासाठी फ्रान्सच्या शिक्षण खात्याने नेमलेल्या समितीत तो होता. १९०५ मध्ये त्याने तेओदोर सिमोनबरोबर ३० प्रश्नांची एक श्रेणी तयार केली. त्यातल्या एका प्रश्नात मुलाला समोर काहीही न दाखवता विचारायचे: माशी आणि फुलपाखरू यांत काय फरक? लाकूड आणि काच यांत? कागद आणि पुठ्ठा यांत? मुलाला माशीविषयी किती माहिती आहे हे इथे कुणी तपासत नाही. ‘माशी लहान असते’ एवढे म्हटले तरी पुरते. फरक दिसला पाहिजे. १९३०च्या दशकात तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाड इथे व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची कसोटी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. १९४० मध्ये त्यांचे त्यावरचे पुस्तक निघाले, आणि ‘बिने-कामत’ हे नाव भारतातल्या मानसोपचार विभागांत आजही रोजच्या वापरातले आहे.

लॅटिनच्या लेकींपैकी मात्र बहुतेकींनी हा शब्द रोजच्या बोलण्यातून काढून टाकला. फ्रेंच माणूस समजले म्हणताना ‘कोंप्रांद्र’ वापरतो, तो झीनोच्या मुठीकडून आला. इटालियनने पकडण्याचे ‘कापिरे’ घेतले. स्पॅनिश आणि पोर्तुगीजांनी ‘एन्तेन्देर’ घेतले, ज्याच्या मुळाशी लक्ष त्या दिशेला ताणणे आहे. गोव्यात साडेचारशे वर्षे कानांवर पडले ते हेच. ‘इंतेल्लेगेरे’ घराघरांत टिकले ते आल्प्समधल्या रोमान्श बोलीत आणि पार पूर्वेच्या टोकाला, रोमानियात. ट्राजानने इ.स. १०६ मध्ये डेशिया, म्हणजे साधारण आजचा रोमानिया, जिंकली, आणि जेमतेम १६५ वर्षांनी, २७०च्या दशकात, रोमन सैन्य तिथून निघूनही गेले. तरी तिथल्या भाषेत आज ‘समजणे’ला ‘इंत्सेलेजे’ म्हणतात. निवडणे ते ‘आलेजे’, म्हणून निवडणुका त्या ‘आलेजेर’. आणि शेतातले, बागेतले वेचणे, तोडणे ते ‘कुलेजे’. शरद ऋतूत द्राक्षमळ्यांचा हंगाम येतो, त्याला रोमानियन शेतकरी ‘कुलेसुल विइलोर’ म्हणतो, म्हणजे मळ्यांची वेचणी.